सायीवर लावलेला सरस

७ जानेवारी

प्रिय फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? टेबलाशी वाकून वाकून ती एक दिवस विळ्यासारखी होईल असं मी म्हणायचे. झाली का? माझ्या भावजयीचा दमा कमी झाला असेल, तुमच्याकडची हवा कोरडी आहे म्हणतात. थोरलीच्या चष्म्याचा नंबर थांबला का? धाकट्याचे दुधाचे दात पडून नवे आले असतील; मी त्याला पाहिलं तेव्हा पहिलेही यायचे होते. तुझ्या सासऱ्यांची साखर, सासूबाईंचा गुडघा आणि ते तुमचं म्हातारं मांजर, एकेकाचं नीट लिही. ‘सगळे मजेत’ असं लिहून मोकळा होऊ नकोस.

आम्ही बरे आहोत. आईला ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकू येतं. आमचे हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या खुर्च्या दुरुस्त करतात, आणि दुरुस्त झालेली प्रत्येक खुर्ची डुगडुगते. नात आता शाळेच्या कवायतीत पहिल्या रांगेत आहे. दिवसभर घरात उड्या मारते. खालचे भाडेकरू वर येऊन बघून गेले की वर नक्की काय चाललंय.

आई म्हणाली लिही, म्हणून लिहिते आहे. तसंच समज.

मी अजून त्याच कारखान्यात आहे. तू गेलास, काम तेच राहिलं. लाकडाचा ठोकळा, काँक्रीटचा ठोकळा, मध्ये सरस, मग दाबयंत्रात घालून तोडायचं आणि किती वजनाला तुटलं ते पाहायचं. तुम्ही त्याला दोन डब्यांचं रसायन म्हणता, मी अजून सरसच म्हणते. दिवसभर जोडायचं आणि दिवसभर तोडायचं, आई विचारते हा कसला धंदा. मी सांगते, सुतारकी नवऱ्याकडून शिकले आणि तोडणं भावाकडून.

आता मुद्द्याचं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. नातीच्या शाळेवर वरचा मजला चढतो आहे, मोठं सभागृह. खाली लाकडी तुळया, वर काँक्रीटच्या पाट्या, आणि दोन्ही सरसाने जोडलेल्या. आपल्याच मालकाचं काम आहे, म्हणजे सांधा किती वजन धरेल तो आकडा तुझा आहे, माझे नमुने तोडून काढलेला. परवा तिला सोडायला गेले होते, जिना उघडा दिसला म्हणून वर चढले.

फुटपट्टी, मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

काँक्रीट ओतलं की पाणी वर येतं आणि त्याबरोबर सिमेंटचा पातळ पापुद्रा वर धरतो, दुधावर साय धरते तसा. मी सायच म्हणते. दिसायला गुळगुळीत, हाताला छान, आणि आत काही नाही. माझ्या ठोकळ्यावर सरस लागायच्या आधी ती साय तारेच्या ब्रशने जाते, खडीचे दात दिसेपर्यंत. तिथे पाटीची तीच सायीची बाजू उलटी करून तुळयांवर बसवत होते. धूळ उडते म्हणून वर पाणी मारलेलं. त्या चिखलावर एक माणूस मोडक्या झाडूच्या दांड्याने सरस फासत होता. डबा उन्हात उघडा, सरस घट्ट व्हायला लागलेला, त्यात सिगारेटचं थोटूक. एका तुळईवर चहाच्या कपाचा गोल डाग होता. त्याच डागावर सरस, त्याच सरसावर पाटी. कुणाच्या तोंडावर काही नाही. दात घासावेत तितक्या सवयीने चाललं होतं.

खाली येऊन मी नळावर हात धुतले. मी कशाला हातही लावला नव्हता.

एवढंच विचारायचं होतं: तुझ्या आकड्यात असल्या कामाला जागा आहे का?

सवड झाली की लिही.

तुझी ताई

२१ जानेवारी

प्रिय फुटपट्टीस,
आशीर्वाद.

कार्ड मिळालं. पाठीचं नाही, दम्याचं नाही, मांजराचंही नाही. ‘नाही. साय आणि ओल असलेले नमुने कधी झालेच नाहीत. का झाले नाहीत ते तुला ठाऊक आहे.’ आईने विचारलं काय लिहिलंय. मी म्हटलं, सगळे मजेत.

ठाऊक आहे. त्यावर आज मी बोलणार नाही. ते भांडण कपाटात ठेवलंय, कपाट बंद आहे.

मी मालकाकडे गेले. आपण त्याला गुळगुळीत म्हणायचो, आठवतं? आता जास्तच झालाय. हात मिळवला की आपला हात साबणातून काढल्यासारखा वाटतो. मी पाहिलं ते सांगितलं. त्याने चहा मागवला, तुझा जुना कागद काढला आणि आकड्याखाली बोट ठेवलं.

“ताई, हा आकडा कुणाच्या नमुन्यांवरून आला? तुमच्या. तुमच्याच हातावर तुमचा विश्वास नाही?”

मी म्हटलं, “माझ्या हातावर आहे. पण त्या तुळयांना माझा हात लागलेला नाही.”

“तुमच्यासारखं काम जगात कुणी करत नाही,” तो म्हणाला.

“मग जगासाठी माझा आकडा कसा वापरता?”

तेव्हा तो हसला. रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाला, “मी तुमचं कौतुक केलं, ताई.”

मी शिव्या खाल्ल्यात, पगार कापून घेतलाय, एकदा बोटावर तुळईही पाडून घेतली आहे. पण त्या कौतुकाने जेवढा उबग आला तेवढा कशाने आला नव्हता. घरी जाऊन अंघोळ केली. आमचे हे म्हणाले, दुसऱ्यांदा? मी म्हटलं, माझ्या अंगावरून शेवाळ जात नाही.

तुझ्या कागदाच्या तळाशी एक ओळ होती: ‘पृष्ठभाग खरवडलेला व लाकूड वाळलेलं असेल तरच.’ गुळगुळीतकडे जी प्रत आहे तिचा तळ कापलेला. कात्रीने, सरळ रेषेत. निदान ते काम तरी नीट केलंय.

मग मुख्याध्यापिकेकडे गेले. बाई उंच आहेत आणि बोलतात ताठ, पण माणूस वाईट नाही. सगळं ऐकलं, मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग म्हणाल्या, “मी भाषा शिकवते. माझ्यापुढे एक कागद आहे, त्यावर आकडा आहे. तुमच्याकडे किळस आहे. किळसेवर मला सभागृह बंद करता येत नाही. दुसरा आकडा आणा.”

उद्घाटन मार्चच्या सुरुवातीला आहे. आधी भाषणं, मग कवायत. अख्खी शाळा एका तालावर एकाच वेळी उडी मारणार, आणि पहिल्या रांगेत आपली नात. घरात सराव चालतो तेव्हा मी आता तिच्या पायांकडे बघत नाही, खालच्या फरशीकडे बघते.

दुसरा आकडा तूच देऊ शकतोस, आणि त्यासाठी तुला घाणेरडे नमुने लागतील. मी करते. बघ, म्हटलं एकदाचं.

तुझी ताई

६ फेब्रुवारी

प्रिय फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

सासूबाईंचा गुडघा सुजलाय हे एक वाक्य तू लिहिलंस, बरं वाटलं. म्हणजे त्यांच्या सुजेचं नव्हे. त्यांना म्हणावं जिना कमी करा.

आता माझी फजिती ऐक आणि हसायचं असेल तर हस, तुला तेवढा हक्क आहे.

मालकाची परवानगी न विचारता शेडच्या मागे बसून मी घाणेरडे नमुने केले. पाणी मारलं, साय ठेवली, सरस उघडा ठेवला. सुकू दिले, दाबयंत्रात घातले. आणि काय, लाकूड फाटलं! सांधा जागच्या जागी, लाकडाचे तंतू उपटून निघालेले. तुला माहीत आहे, चांगल्या सांध्याची हीच खूण: तो स्वतः तुटत नाही, शेजाऱ्याला तोडतो. दुसरा घातला, तोही तसाच. चांगल्या कामाचा एवढा संताप मला कधी आला नव्हता.

आमचे हे डबा द्यायला आले होते, ते उभे राहून बघत होते. म्हणाले, “अगं, तू अंगठ्याने साय घासतेस. बोलता बोलता.” मी म्हटलं, मुळीच नाही. त्यांनी माझा अंगठा धरून उलटा केला. पांढरा होता, पिठात बुडवल्यासारखा. आणि एप्रनच्या खिशात फडकं होतं, ओलं. ते मी केव्हा घेतलं, कुणी मला शपथ घालून विचारलं तरी सांगता येणार नाही.

सुंभ जळतो, पीळ राहतो, दुसरं काय. हाताला घाण शिकवता येईना.

शेवटी शाळेवरच्या मुकादमाला बोलावलं, तोच तो सरस फासणारा. मला वाटलं येणार नाही. तो आपला झाडूचा दांडा घेऊन आला. काय हवंय ते सांगितलं तेव्हा बराच वेळ हसला. म्हणाला, “बाई, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला बोलावून सांगतंय की तू करतोस तसंच कर.”

मी नाक मुरडलं असेल. माझं तोंड काही लपवत नाही. तो बसला, पाणी मारलं, दांडा फिरवला आणि मान वर न करता म्हणाला, “तुमचा ठोकळा तळहाताएवढा. तुम्ही त्याला आंघोळ घाला, पावडर लावा. माझी पाटी पलंगाएवढी, आणि अशा दिवसाला खोलीभर पाहिजेत. खरवडायला वेळ मागितला तर मालक म्हणतो, कागदावर कुठे लिहिलंय खरवडायचं?”

ते ‘कागदावर’ ऐकून कापलेला तळ आठवला. मी या माणसाची तीन-चार आठवडे किळस केली, त्याच्या दांड्याची, त्याच्या थोटकाची. आणि कात्री चालवणाऱ्याकडे मी चहा पिऊन आले होते.

मुकादमाने जाताना विचारलं, यातून काय निघणार. मी सांगितलं. तो म्हणाला, “मग माझं नाव घाला. वेळ दिला नाही असं मुकादम म्हणतो, असं लिहा.” थोटूक मात्र त्याने इथेही टाकलं. अगदी अचूक नमुना.

नमुने तोडले. एक जवळजवळ माझ्या नमुन्यांइतकं वजन घेऊन गेला. एक तुझ्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शालाही पोचला नाही. एक तर यंत्रापर्यंतही गेला नाही. मी उचलला आणि लाकूड माझ्या हातात राहिलं, काँक्रीट पायावर. गार दुधावरची साय बोटाने उचलावी तसा सुटला. मी दोन्ही बाजू उजेडात धरल्या. सरसाने आपलं इमान राखलं होतं, तो सायीला घट्ट धरून होता. सायच कुणाची नव्हती.

काचेसारखी साफ जागा. मी कितीतरी घाण पाहिली रे, पण त्या स्वच्छ जागेएवढी ओंगळ गोष्ट पाहिली नाही.

तुकडे वेगळ्या खोक्यातून पाठवले आहेत, प्रत्येकावर वजन खडूने लिहिलंय.

आणि आता कपाट उघडते. त्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालास, ‘ताईचे नमुने निरुपयोगी आहेत.’ तू वर आणखी काही बोलत होतास, मी ऐकलं नाही. निरुपयोगी. पोळपाट-लाटणं करण्यापासून सुरुवात करून मी तिथवर आले होते, आणि धाकट्या भावाने भर शेडमध्ये तो शब्द वापरला. तू नव्या घरी बोलावलंस तेव्हा मी गुडघ्याचं कारण कळवलं. माझे गुडघे आजही लोखंडाचे आहेत.

नमुना कशासाठी? शाळेचा सांधा किती धरेल ते आधी कळावं म्हणून. माझे नमुने फक्त माझा हात किती धरतो ते सांगत होते. त्या कामाला ते निरुपयोगीच होते. शब्द बरोबर होता. फक्त तो तू चारचौघांत बोलायला नको होतास, आणि तेवढ्यावर मी अजून रागावलेली आहे. तो राग मला राहू दे.

आकडा लवकर पाठव. मार्च जवळ येतोय आणि घरात उड्या वाढल्यात.

तुझी ताई

२६ फेब्रुवारी

प्रिय फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या, छान झालं. काठीला खालून रबर आहे ना बघ. थोरलीने माझ्यासाठी दाबयंत्राचं चित्र काढलंय ते भिंतीवर लावलं. आई म्हणते, हे तुझ्या मामाचं घर वाटतं. भावजयीला सांग, तिचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, यापुढे तिनेच लिहावं.

तुझा आकडा आणि पत्र मी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी ते तीनदा वाचलं. तू लिहिलं होतंस ना, ‘हा सांधा किती धरतो हे विचारू नका, शेकड्यातला सगळ्यात वाईट सांधा किती कमी धरेल ते विचारा, कारण मूल नेमकं त्याच्यावर उभं असेल.’ त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाल्या, “तुमच्या भावाचं मराठी चांगलं आहे.” मग उठून जिन्याला स्वतः कुलूप लावलं.

गुळगुळीत ओरडला नाही. ओरडला असता तर मला थोडा तरी मान वाटला असता. म्हणाला, भावा-बहिणीचं आतून ठरलेलं दिसतंय. मुलांच्या आनंदावर विरजण घालताय. शेवटी म्हणाला, ताई, तुमचं वय झालं, आता घरी आराम करा. म्हणजे काढलं. मी माझा तारेचा ब्रश उचलला आणि निघाले. तो ब्रश माझा आहे.

बाईंनी कळवल्यावर नगरपालिकेची माणसं आली आणि त्यांनी सभागृहात वाळूच्या गोण्या रचायला सुरुवात केली, पोरं उभी राहणार त्या जागी, पोरांच्या वजनाइतक्या. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी खालून बघत होते. मुकादमाने तुळई आणि पाटी यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ मारून ठेवली होती, दोघींवरून मिळून. थोड्या गोण्या झाल्या, काही नाही. माणसं हसायला लागली. मला वाटलं, मीच तोंडघशी पडले, आणि तुझा आकडाही माझ्याबरोबर. मग पहिल्या रांगेच्या जागी गोण्या आल्या आणि ती रेघ तुटली. आवाज नाही, धूळ नाही. खालचा अर्धा भाग तिथेच राहिला, वरचा अंगठ्याएवढा सरकला. मुकादम एवढंच म्हणाला, “काढा रे गोण्या. हळू.”

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. नात आली आणि भांडायला लागली, की आता कवायत मैदानात, मैदानात धूळ असते, सगळं आजीमुळे. मी म्हटलं, हो, माझ्यामुळेच. चांगली दणादण भांडली. ऐकत बसले, फार गोड वाटलं.

आता पाट्या उतरवून, खरवडून, वरून लोखंडी पेच मारणार आहेत. खरवडायला मला बोलावलंय, मुकादमाच्या माणसांना शिकवायला. तो म्हणतो, बाई, पावडर लावायची की नुसती आंघोळ?

आणि हे वाच. स्थानिक बातमीपत्रात गुळगुळीतचा फोटो आलाय. खाली लिहिलंय, ‘आमच्या दक्षतेमुळे संभाव्य दोष वेळीच उघडकीस आला.’ फोटोत तो त्याच तुटलेल्या रेघेकडे बोट दाखवतोय. मला वाटलं होतं माझी किळस संपली. तळाशी थोडी उरली होती बहुतेक, त्याने तीही काढली. आईने फोटो पाहिला आणि म्हणाली, “ह्याला फोडून बघा, आत काय आहे ते.” मी म्हटलं, आत काही नाही ग आई, नुसती वर वर साय आहे.

मग एकटी बसून विचार करत होते. तुटलेल्या सांध्याकडे तू बघायला शिकवलंस: किती वजनाला तुटला हे नंतर, आधी कुठे तुटला ते बघ. आपण तुटलो ते लाकडात तुटलो नाही. काँक्रीटमध्येही नाही. एका शब्दावर तुटलो, अगदी वरचा पापुद्रा. तुझ्या बाजूला अजून तुझंच आहे सगळं आणि माझ्या बाजूला माझं. ब्रश माझ्याकडे आहे. माझी बाजू मी खरवडायला घेतली आहे, तुझी तू घे. मला सांगायला लावू नकोस.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन ये. मांजरालाही. येणार की नाही ते लगेच कळव. सरस कालवून ठेवला की तो थोडाच वेळ वाट बघतो, मग त्याच्यावरही साय धरते. हे पत्र आत्ता ओलं आहे.

तुझी ताई